पुनर्वसनाच्या घरांची वकिली: रिकामी केलेली खोली ते हातात आलेली किल्ली

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलं आहे: परवडणाऱ्या घरांच्या क्षेत्रात वकिली करायची आहे, सुरुवात कुठून करू? बिल्डरकडे नोकरी केली तर लोकांच्या विरोधात उभं राहावं लागेल का? यात पोट भरतं का? आणि इंग्रजी बेताचंच आहे, त्याचं काय?

मी बावीस वर्षं मुंबईत हेच काम करते आहे. पहिली पाच वर्षं एका सॉलिसिटर फर्ममध्ये, पुढची सहा एका विकासकाच्या विधी विभागात, आणि गेली अकरा गृहनिर्माण संस्था आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या संस्थांची वकील म्हणून. दोन्हीकडचं मीठ खाऊन झालं आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने सांगते.

या कामात कोर्टात उभं राहायचे दिवस थोडे आणि कागद चाळायचे फार. पक्षकार आपल्याकडे का येतो ते आधी नीट समजून घ्या. माणसं राहती खोली रिकामी करतात, ती विकासकाच्या हवाली करतात, आणि नव्या इमारतीत शिरेपर्यंत त्यांच्यापाशी कागदाखेरीज काही नसतं. हा मधला काळ कागदावर दोन-तीन वर्षांचा असतो. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे ज्याला सगळे पत्रा चाळ म्हणतात तिथे, ६७२ भाडेकरूंच्या घरांसाठी २००८ साली त्रिपक्षीय करार झाला आणि पुढे दीड दशक लोक भाड्याच्या घरांतून फिरत राहिले. आपली सगळी वकिली या मधल्या काळासाठी आहे. टायटल (जमिनीच्या मालकीचे कागद), करारनामा, परवानग्या, सभासदांचे ठराव, सगळं. एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्या कलमावर हटून बसायचं आणि कुठलं सोडून द्यायचं हे आपोआप कळायला लागतं.

सुरुवात कुठून, तर माझ्या मते परिशिष्ट-२ पासून. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र-अपात्र झोपडीधारकांची जी यादी सक्षम प्राधिकारी करतो, तिला परिशिष्ट-२ म्हणतात. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, आणि मोठ्या फर्ममधले भागीदार ते काम शिकाऊ मुलांच्या अंगावर टाकतात. मी मात्र माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला पहिले सहा महिने त्यालाच बसवते. एखादी झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची आहे का, हे मतदार यादीचा उतारा, फोटोपास, वीजबिल, गुमास्ता परवाना अशा कागदांवर ठरतं. २००० नंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून सशुल्क पुनर्वसन. आधीची मूळ मुदत १ जानेवारी १९९५ होती, त्यामुळे जुन्या योजनांत तीच तारीख अजून कागदोपत्री भेटते. आणि या तारखांच्या फटीत माणसं अडकतात.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण देते. जुन्या मतदार यादीत त्यांचं नाव माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, आणि वीजबिल परागंदा झालेल्या नवऱ्याच्या नावावर. झोपडी तीच, बाई तीच, पण यादीत शेरा 'अपात्र'. लग्न नोंदवलेलं नव्हतं. शेवटी मोठ्या मुलीचा जन्मदाखला महापालिकेच्या प्रसूतिगृहाच्या नोंदीवरून निघाला, त्यात आईचं माहेरचं नाव आणि बापाचं नाव दोन्ही होतं. त्या एका कागदावर अपील उभं राहिलं. पात्र ठरायला तीन वर्षं लागली. पुनर्वसनाची सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायची हे नियमातच आहे, पण नवरा बेपत्ता असताना दुसऱ्या नावाचं काय करायचं, हा प्रश्न मग आणखी वर्षभर पुरला. ज्याला अशा कामाचा कंटाळा येतो त्याने या क्षेत्रात येऊ नये, हे मी स्पष्टच सांगते. ज्याला असा जन्मदाखला सापडल्यावर रात्री झोप लागत नाही, त्याने जरूर यावं.

आता कायदे. ते एकावर एक थर चढावेत तसे साचले आहेत, आणि प्रत्येक थराला एक कारण आहे. १९६३चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, फ्लॅट विकणाऱ्यांच्या लबाडीला आळा घालायला आला. १९७१चा झोपडपट्टी कायदा, १९७६चा म्हाडा कायदा. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं मान्य केलं, पण फुटपाथवरची घरं योग्य पद्धतीने नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. विद्यार्थी निकालाचा पहिला भाग पाठ करतात, दुसरा विसरतात. हक्क मान्य झाला म्हणून घर मिळतं असं नाही, त्यासाठी योजना लागते. ती १९९५ साली आली: २५ डिसेंबर १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण काम करू लागलं. खासगी विकासकाने झोपडीधारकांना मोफत घर बांधून द्यायचं आणि बदल्यात मिळालेलं जादा चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाला परवानगी असलेलं क्षेत्रफळ, बाजारात विकायचं, हे तिचं सूत्र. घर तेव्हा २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, आता ३००. पुढे २०१६चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा आला, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्याचं प्राधिकरण महारेरा.

जाता जाता एक गंमत. या क्षेत्रात कुणी 'सेव्हन्टीनाइन ए' म्हणालं की आधी विचारा, कुठल्या कायद्याचं? सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या ७९(अ) खाली पुनर्विकासाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सध्याची ४ जुलै २०१९ची. आणि म्हाडा कायद्यातही दुरुस्तीने ७९-अ आलं आहे, ते मुंबईतल्या जुन्या धोकादायक उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीचा कर भरणाऱ्या) इमारतींसाठी: आधी मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, त्यानंतर म्हाडा. एका बैठकीत दोन वकील अर्धा तास वेगवेगळ्या ७९-अ वर भांडत होते, मी चहा पीत ऐकत होते.

मुद्द्याचं म्हणजे करारनामा, आणि तिथे माझी स्वतःची चूक सांगते. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका छोट्या संस्थेचा विकास करारनामा मी लिहिला. भाड्याचं कलम असं होतं: चोवीस महिने भाडं, वर सहा महिने सवलतीची मुदत. त्यापुढे काय, हे मी लिहिलंच नाही. तेव्हा वाटलं, तीस महिन्यांत इमारत होणारच, नकाशे मंजूर आहेत. इमारतीला सात वर्षं लागली. एकतिसाव्या महिन्यापासून विकासक म्हणू लागला की करारात भाड्याची जबाबदारी संपली आहे. शब्दशः वाचलं तर त्याचं खरं होतं. सभासद लवादात गेले, तडजोड झाली, पण मधल्या वर्षांत काहींनी मुलांच्या शाळा बदलल्या, एक कुटुंब गावी परतलं ते कायमचंच. माझ्या एका न लिहिलेल्या वाक्याने.

त्यानंतर मी कधीही महिने लिहित नाही. 'भोगवटा प्रमाणपत्र मिळून सभासदाला प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत' असं लिहिते, दरवर्षी भाड्यात किती वाढ ते लिहिते, आणि भाडं थकलं तर विक्रीच्या सदनिकांपैकी ठरावीक सदनिका विकायला विकासकाला मनाई राहील असं लिहिते. चेक वटला नाही तर चेकच्या खटल्याने घरभाडं भरता येत नाही; विकायला तयार असलेली सदनिका अडली की मात्र पैसे दुसऱ्या दिवशी येतात. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणानेही आता दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करून घ्यायला सुरुवात केली आहे, ती उगीच नाही.

बँक हमीचंही तसंच. ७९(अ)च्या तत्त्वांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी सांगितली आहे. पण उच्च न्यायालयाने ही तत्त्वं बंधनकारक न मानता दिशादर्शक मानली आहेत, म्हणून 'शासन निर्णयात आहेच की' या भरवशावर राहायचं नाही. करारात लिहून घ्यायचं. रेराचीही मर्यादा ओळखा. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करायचे ही तरतूद उत्तम आहे, पण रेराची रचना पैसे देऊन घर घेणाऱ्याला समोर ठेवून केलेली आहे. जुन्या इमारतीतल्या सभासदाचं संरक्षण मुख्यतः त्याच्या करारनाम्यातच असतं. तो आपण लिहितो.

अजून एक गोष्ट वकील सहसा शिकत नाहीत: हिशेब. प्रकल्प व्यवहार्यता अहवाल उघडायचा आणि ओळीन् ओळ विचारायची. पुनर्वसनाचं क्षेत्र किती, विक्रीचं किती, त्या भागात दर काय, जादा बांधकामासाठी सरकारी यंत्रणांना अधिमूल्य किती भरायचं, कर्जावर व्याज किती महिन्यांचं धरलं आहे. आकडेच उभे राहत नसतील तर कुठलंही कलम त्या प्रकल्पाला वाचवत नाही. सभासदांना सगळ्यात जास्त क्षेत्रफळ आणि सगळ्यात जाड कॉर्पस (एकरकमी निधी) देऊ करणारा विकासक निवडला जातो, आणि जोत्यापर्यंत काम आलं की त्याचे पैसे संपतात. मी तर एका संस्थेला लेखी सांगितलं होतं की दुसऱ्या क्रमांकाची निविदा घ्या. ऐकलं नाही. तो प्रकल्प अजून उभा आहे, म्हणजे थांबलेला.

बिल्डरकडे काम करावं का? करावं, निदान काही वर्षं. जमिनीचं टायटल तिथेच शिकायला मिळतं: सातबारा, मालमत्ता पत्रक, फेरफार, सूची क्रमांक दोन, भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीची शर्त, नजराणा, मुंबईतल्या फझंदारी जमिनींचे जुने हक्क. मालकाला रीतसर नोटीस न देता जमीन संपादन करायला गेलं की योजना कशी वर्षानुवर्षं अडते, हेही तिथेच दिसतं. आणि एक अवघड सत्यही तिथेच उमगतं. दर वेळी विकासकच खलनायक असतो असं नाही. शंभरातल्या पंच्याण्णवांनी खोल्या रिकाम्या केल्या आणि पाचजण जास्तीच्या मागणीसाठी बसून राहिले, तर पंच्याण्णवांचं भाडं चालू राहतं आणि काम मात्र बंद. अशा वेळी विकासकाच्या वतीने लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम आदेशासाठी अर्ज करून मी पाच दारं उघडायला लावली आहेत, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्याच नोकरीत एका प्रकल्पात मला सांगितलं गेलं की संमतीपत्रांवरच्या तारखा मागच्या टाक. मी नाही म्हटलं, चार महिन्यांनी नोकरी सोडली. बाजू कुठलीही घ्या. कुठल्या कागदावर सही करायची नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलं की घराचा हप्ता आठवतो.

पोटाचं विचारलंत. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात, घरून थोडा आधार असेल तर बरं. स्वतंत्र झाल्यावर रोजची भाजीभाकरी मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर देत नसताना जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून घेणं), टायटल शोध अहवाल आणि सोसायट्यांच्या कायदेशीर सल्ल्यावर चालते. विकास करारनाम्यांचं काम वर्षातून मोजकंच मिळतं पण फी बरी असते. या फीत एक खाच आहे, ती कोणी सांगत नाही. पुनर्विकासात संस्थेच्या वकिलाची फी शेवटी विकासक भरतो. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच खिशातून आपला चेक. मी पहिल्याच दिवशी संस्थेच्या कमिटीला सांगते: विकासकाने रक्कम आधी संस्थेच्या खात्यात भरायची, माझं बिल संस्थेच्या नावे निघेल, पावती संस्थेलाच. विकासकाच्या कार्यालयात मी बिल पाठवत नाही आणि दिवाळीचा खोका घेत नाही. दोन कामं यामुळे गेली. जाऊ देत.

पगारी नोकऱ्याही आहेत: म्हाडा, पुनर्वसन प्राधिकरण, महापालिका यांचे विधी विभाग आणि त्यांच्या पॅनेलवरचे वकील, गृहकर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था, शिवाय झोपडीवासीयांसोबत काम करणाऱ्या संस्था-संघटना. या संघटनांत पैसा कमी, पण वस्तीत जाऊन कागद गोळा करायची सवय तिथे लागते तशी कुठे लागत नाही.

आणि हे सगळं मुंबईपुरतंच आहे असं समजू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी वेगळं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या भूखंडांवर २० टक्के समावेशक गृहनिर्माण, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी छोटी घरं राखून ठेवणं, आहे. त्यातल्या छोट्या सदनिका खरोखर अल्प उत्पन्न गटाला जातात की दोन-दोन जोडून एकाच कुटुंबाला विकल्या जातात, हे पाहणारा वकील लागतोच. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर उभं राहतं आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरांचा ताबा दिला गेला. अशा प्रकल्पात वकिलाचं काम मुंबईहून निराळं असतं: शेतजमिनीचं टायटल, सहकारी संस्थांची रचना, प्रधानमंत्री आवास योजनेच्या अनुदानाच्या अटी, आणि ज्याच्याकडे पगाराची पावती नाही अशा माणसाचं कर्ज. तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणचे असाल तर मुंबईकडे धावायच्या आधी आपल्या महापालिकेचे घरकुल प्रकल्प कुठे अडले आहेत ते पाहा. तिथे हे काम जाणणारे वकील थोडे आहेत.

इंग्रजीबद्दल. करारनामे इंग्रजीत असतात, तेव्हा मसुदा लिहिण्यापुरतं इंग्रजी कमवावंच लागेल. रोज एक कलम घेऊन ते निम्म्या शब्दांत लिहायचा सराव करा, दोन वर्षांत फरक पडतो. पण तुमचं मराठी ही अडचण नाही, ती मिळकत आहे. शंभर पानी इंग्रजी करारावर सही करणारे बहुतेक सभासद तो वाचत नाहीत, वाचू शकत नाहीत. मी प्रत्येक कराराचा आठ-दहा पानी मराठी गोषवारा करते आणि सर्वसाधारण सभेत स्वतः वाचून दाखवते. एका सभेत 'तात्पुरती पर्यायी जागा' असं वाचलं तर मागे बसलेले एक निवृत्त गिरणी कामगार उठून म्हणाले, "वकीलबाई, तात्पुरती म्हणजे किती? आमच्या मेव्हण्याला संक्रमण शिबिरात बावीस वर्षं झाली." त्या रात्री ते कलम पुन्हा लिहिलं. विकासकाचा वकील हसला होता, तारीख घातल्यावर हसायचा थांबला.

कोर्टाची आवड असेल तर तिथेही काम भरपूर आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याचीच कामगिरी तपासून पाहायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं, कारण या एका कायद्याखालची १,६०० हून अधिक प्रकरणं तिथे पडून होती. कलम १३(२) खाली दिरंगाई करणाऱ्या विकासकाला काढणं, तक्रार निवारण समितीपुढची अपिलं, पर्यायी घराच्या करारांवरचं मुद्रांक शुल्क, प्रत्येक विषय आयुष्यभर पुरेल. मुद्रांकाचंच बघा: सभासदाला स्वतःच्याच जुन्या जागेबद्दल मिळणाऱ्या घराच्या करारावर खरेदीसारखं शुल्क घ्यायची परिपत्रकं उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केली. त्या निकालाने हजारो कुटुंबांचे पैसे वाचले आणि कुठल्याच वस्तीत त्या वकिलांचं नाव कुणाला माहीत नाही.

परीक्षा, सनद, बार कौन्सिलची नोंदणी ही वाट तुम्हाला ठाऊक आहेच. ते होईपर्यंत एवढं करा: तुमच्या ओळखीतल्या एखाद्या पुनर्विकासात गेलेल्या इमारतीचा करारनामा मिळवा, आणि सभासदाने खोली सोडल्याच्या दिवसापासून पुढे सरकत वाचा. दर महिन्यापाशी थांबून विचारा, आज काम बंद पडलं तर या माणसाच्या हातात काय आहे? जिथे उत्तर सापडणार नाही तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. माझ्या पहिल्या कराराच्या समासात मी नंतर अशा एकोणीस खुणा केल्या होत्या. ती प्रत अजून माझ्या खणात आहे. मुलाखतीला आलात तर दाखवेन, आणि तुमचीही आणायला सांगेन.